एकक बदलून पाहा: रोजच्या निर्णयांतली नजरचूक पकडायची रीत

मॅचिंग सेंटरमधला मुरलेला माणूस साडीचा पदर हातात घेतो, मोरपिशी रंगाचे चारपाच ब्लाउजपीस काढून त्यावर टाकतो आणि म्हणतो, "ताई, जरा दारात या." आत ट्यूबखाली तंतोतंत जुळलेला तुकडा बाहेरच्या उजेडात हिरवट निघू शकतो, हे त्याला धंद्याने शिकवलेलं असतं. "नीट बघा" असं तो कधी सांगत नाही, कारण नीट बघून काही होत नसतं. तो उजेड बदलतो.

सोनं घेताना, कर्ज काढताना, घर बघताना, रक्ततपासणीचा कागद वाचताना हेच करायचं असतं. नजर आहे तशीच राहते. ती ज्या मापाने मोजतेय ते माप मात्र आपल्याला बदलता येतं.

नजर आहे तशीच राहते याचा पुरावा कागदावर दोन मिनिटांत काढता येतो. पाच-पाच सेंटीमीटरच्या दोन आडव्या रेघा एकाखाली एक ओढा. एकीच्या दोन्ही टोकांना बाणासारखी आत वळलेली चिमटी काढा, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडणारी. बाहेर उघडणाऱ्या टोकांची रेघ लांब दिसते. पट्टी लावा, दोन्ही पाच भरतात. पट्टी उचला, पुन्हा तीच लांब. फ्रान्झ म्युलर-लायर यांनी १८८९ मध्ये ही आकृती छापली. तेव्हापासून ती पाठ असलेल्या लोकांनाही ती तशीच दिसते. म्हणून "मला आता यातली मेख कळलीय, मी नाही फसणार" हा भरवसा फुकाचा. पट्टी जवळ ठेवावी.

फसगतीचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: डोळा आणि मन दोघंही वस्तू सुटी मोजत नाहीत, शेजारच्या वस्तूशी ताडून मोजतात. १८३०च्या दशकात जर्मनीतल्या लाइपझिगला शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी हातावर वजनं ठेवून हे तपासलं. भर पडल्याचं हाताला कळायला किती भर लागते, ते आधीच्या वजनावर ठरतं. शंभर ग्रॅमवर दहा ग्रॅम टाकलेले लगेच कळतात, दोन किलोवर टाकलेले पत्ताच लागत नाही. पैशांचंही तसंच. चाळीसची कोथिंबीर तीसला मागणारा माणूस तासाभराने सोनाराकडे सहा हजारांचा फरक हूं का चूं न करता भरून येतो.

अमोस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हाच प्रश्न लोकांपुढे ठेवला होता. १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर वीस मिनिटांवरच्या दुसऱ्या दुकानात १० डॉलरला मिळतोय, जाल का? ६८ टक्के लोक जायला तयार होते. तोच कॅल्क्युलेटर १२५ चा आणि तिकडे १२० ला, असं म्हटल्यावर २९ टक्केच उरले. वाचणारे डॉलर दोन्हीकडे पाचच आणि जाण्यायेण्याचा वेळही तोच.

आधी रंग, कारण तिथे चूक डोळ्यांनी दिसते

पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या कारखान्यात मिशेल यूजीन शेव्रल हे रसायनतज्ज्ञ १८२४ पासून रंगशाळेचे प्रमुख होते. निळ्या-जांभळ्या विणकामातला काळा धागा फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर काळा रंग अस्सल होता, शेजारचे निळे धागे त्याला फिका दाखवत होते. १८३९ मध्ये त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. आपल्याकडे काठापदराच्या साडीला ब्लाउजपीस जुळवताना रोज घडतं ते हेच. लाल काठाशेजारी अंगातला हिरवा जास्त हिरवा दिसतो, आणि त्या वाढीव हिरव्याला जुळणारा पीस घरी येऊन गडद ठरतो.

उपाय पाच रुपयांचाही नाही. जुन्या वहीच्या मागचा राखाडी पुठ्ठा घ्या. त्यात दीड सेंटीमीटरची दोन भोकं पाडा, दोन्हींत बोटभर अंतर. एका भोकाखाली साडीचं अंग ठेवा, दुसऱ्याखाली पीस. काठ, जर, बुट्टे सगळं झाकलं जातं आणि दोन्ही रंगांना सारखाच शेजार मिळतो. पांढऱ्या कार्डापेक्षा राखाडी बरं, कारण पांढऱ्याशेजारी सगळेच रंग गडद वाटतात.

उजेड दोन प्रकारचा हवा: एकदा दिवसाचा, सावलीतला (थेट उन्हात रेशमाची चकाकी रंग खाते), आणि एकदा ज्या उजेडात कपडा नेसायचा आहे तो. सुताला आणि रेशमाला वेगळे रंग लागतात. ते एका दिव्याखाली सारखे दिसले तरी दुसऱ्या दिव्याखाली फुटतात. संध्याकाळच्या कार्यासाठी साडी घेत असाल तर हॉलमधला पिवळा दिवा महत्त्वाचा, दुकानाच्या दारातलं ऊन दुय्यम. आणि सलग वीस लाल साड्या बघितल्यावर एकविसावी हिरवी साडी काढली तर ती आहे त्यापेक्षा उजळ वाटते, कारण डोळा लालाला थकलेला असतो. मधूनमधून अर्धा मिनिट फरशीकडे बघावं. दुकानदार तेवढ्यात चहा सांगतो.

भिंतीच्या रंगात चूक जास्त महागात पडते. शेडकार्डावरचा बोटभर चौकोन चार भिंतींवर चढला की गडद होतो, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात. पुठ्ठ्याचा दोन फूट बाय दोन फूट तुकडा घ्या, प्रायमर मारा, रंगाचे दोन हात द्या, एक दिवस वाळू द्या. तो पुठ्ठा खोलीच्या कोपऱ्यात उभा करून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघा. जुन्या पिवळ्या भिंतीवर थेट नमुना मारायची चूक बरेच जण करतात. मग आजूबाजूचा पिवळा त्या नमुन्याला निळसर दाखवतो आणि चांगली शेड नाकारली जाते.

संत्र्यांची लाल जाळी, टोमॅटोखालचा लाल कागद, कलिंगडावरची लाल ताडपत्री हीसुद्धा रंगाचीच कारागिरी. फळ हातात घेऊन ताडपत्रीबाहेर एक पाऊल टाकलं की काम झालं.

पहिला आकडा कोणाचा?

बस्त्याच्या दुकानात गादीवर बसलात की सेल्समन पहिली पैठणी पंचवीस हजारांची उघडतो. "घ्यायची नका, बघा तरी." ती घेतली जाणार नाही हे त्यालाही माहीत असतं. त्यानंतर नऊ हजारांची साडी बेताची वाटू लागते, आणि घरून निघताना डोक्यात पाच हजार होते हे कोणालाच आठवत नाही.

पहिला आकडा किती निरर्थक असला तरी चालतो, हे ट्वर्स्की-कानेमन यांच्या १९७४ च्या लेखातल्या प्रयोगाने दाखवलं. लोकांसमोर एक चक्र फिरवलं, ते एकतर १० वर थांबायचं किंवा ६५ वर. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के? १० आकडा बघितलेल्यांचं मधलं उत्तर २५ आलं, ६५ बघितलेल्यांचं ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नव्हता.

यावर मनाशी घोकून भागत नाही, लिहावं लागतं. दुकानात शिरण्याआधी चिठ्ठीवर दोन आकडे लिहा: घासाघीस करून जिथे आणायचं आहे तो, आणि ज्याच्या वर उठून जायचं तो. चिठ्ठी बरोबर आलेल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. दुसरा आकडा ओलांडला की त्याने चिठ्ठी दाखवायची. स्वतःच्या खिशातली चिठ्ठी कोणी काढत नाही. जुनी स्कूटर विकायला काढली असेल तर उलट करा: त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या तीन गाड्यांचे भाव आधी बघून ठेवा आणि पहिला आकडा आपण बोला. "तुम्हीच सांगा काय देता" म्हणालात की चक्र समोरच्याने फिरवलं.

मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नची पाटी याच जातीची. लहान २५०, मध्यम ३८०, मोठा ४००. मधला विकण्यासाठी नसतोच, मोठा स्वस्त वाटावा म्हणून असतो. जो घेणार नाही त्या आकड्यावर अंगठा ठेवा आणि उरलेले दोन बघा. दीडशे रुपये जास्त देऊन तेवढी भूक आहे का, एवढाच प्रश्न राहतो.

सोनं: टक्के सोडा, ग्रॅममागे रुपये काढा

सोनाराच्या बिलात भाव, घडणावळ, खड्यांचं वजन आणि सूट असे चार आकडे चार दिशांना ओढतात. "घडणावळीवर ५० टक्के सूट" हा फलक मोठा असतो, पण घडणावळ मुळात किती ते बारीक अक्षरांत. २४ टक्क्यांवर निम्मी सूट म्हणजे १२ टक्के, आणि शेजारच्या पेढीत १२ टक्केच लावतात, फलक न लावता.

हिशेब असा करा. समजा, एका हाराचं नेट वजन २५ ग्रॅम. आकडे सोपे जावेत म्हणून भाव ९,००० धरू. पहिल्या दुकानात सोन्याचे २,२५,००० आणि १२ टक्के घडणावळीचे २७,०००, एकूण २,५२,०००. भागिले २५, म्हणजे ग्रॅमला १०,०८० रुपये. दुसऱ्या, सूटवाल्या दुकानात भाव ९,१०० लावलाय. सोन्याचे २,२७,५००, सूट वजा जाता घडणावळ २७,३००, एकूण २,५४,८००. ग्रॅमला १०,१९२. सूट देणारं दुकान २,८०० रुपयांनी महाग पडलं. कर दोन्हीकडे सारखाच, म्हणून इथे धरला नाही.

म्हणजे तुलनेला आकडा एकच घ्यायचा: कराआधीचं एकूण बिल भागिले नेट वजन. नेट वजन म्हणजे खडे, मोती, मीना, लाख, दोरा सोडून उरलेलं सोनं. ग्रॉस वजनाने भागलंत तर ग्रॅमचा दर खोटाच कमी दिसेल. खडेजडावाच्या दागिन्यात हा फरक मोठा असतो, तेव्हा दोन्ही वजनं बिलावर वेगळी लिहून घ्या. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून शुद्धता तिथेच तपासता येते. त्याला दोन मिनिटं लागतात आणि सोनारालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

अंगठीत ३ टक्के घडणावळ वाचवण्यासाठी हुज्जत घालणारे हारात ती सोडून देतात. खरं तर उलट हवं: वरच्या हारात ३ टक्के म्हणजे ६,७५० रुपये. टक्क्याचं बोलणं सुरू झालं की लगेच रुपयांत आणा.

कर्ज: हप्त्याकडे बघू नका, असं नाही. फक्त हप्त्याकडे बघू नका

महिन्याचा हप्ता हे एकक बेताच्या पगारात संसार चालवणाऱ्याला सोयीचंच असतं, आणि विकणाऱ्यालाही त्याहून सोयीचं. ५० लाखांचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ४३,३९१ येतो. ३० वर्षांचं केलं तर ३८,४४६. पाच हजारांची सवलत मिळाल्यासारखं वाटतं. आता एकक बदला, एकूण किती भरणार ते काढा: २० वर्षांत सुमारे १ कोटी ४ लाख, ३० वर्षांत सुमारे १ कोटी ३८ लाख. महिन्याच्या त्या पाच हजारांची किंमत ३४ लाख. हप्ता झेपतच नसेल तर ३० वर्षांचं घ्यावं, त्यात गैर काही नाही. पण मग दरवर्षी एखादा हप्ता जास्तीचा भरायचं त्याच दिवशी ठरवून टाकावं.

दुचाकीच्या शोरूममध्ये किंवा पतपेढीत "१० टक्के फ्लॅट" ऐकू आलं की कान टवकारा. एक लाख, तीन वर्षं, १० टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ३०,००० आणि हप्ता ३,६११. यात व्याज तिन्ही वर्षं पूर्ण एक लाखावर लावलंय, खरं तर मुद्दल दर महिन्याला उतरत जातं. घटत्या शिलकीवर मोजला तर हाच दर १७.९ टक्के भरतो. म्हणजे बँकेचं १४ टक्क्यांचं कर्ज या "१०"पेक्षा बरंच स्वस्त. एक्सेलमध्ये रेट नावाचं सूत्र आहे. त्यात हप्त्यांची संख्या, उणे चिन्हासह हप्ता आणि कर्जाची रक्कम एवढं टाकलं की महिन्याचा दर मिळतो, त्याला बाराने गुणा. बऱ्याच जणांचं उणे चिन्ह राहून जातं आणि सूत्र चूक दाखवतं.

हे स्वतः करायचं नसेल तर कागद मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना रिझर्व्ह बँकेने 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) सक्तीचं केलंय, आणि त्यात वार्षिक दर म्हणजे एपीआर लिहिलेला असतो. प्रोसेसिंग फी वगैरे धरून आलेला हा आकडा दोन संस्थांमध्ये थेट ताडता येतो. सही करण्याआधी तेवढी एक ओळ वाचा.

क्रेडिट कार्डावरचे महिन्याला साडेतीन टक्के किरकोळ दिसतात, पण व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला ५१ टक्के होतात. "दिवसाला फक्त ५० रुपये" म्हणजे वर्षाला १८,२५०. आणि विमा एजंटचं लाडकं "दुप्पट": वर्षाला एक लाख, वीस वर्षं भरा, विसाव्या वर्षाच्या शेवटी चाळीस लाख घ्या. ऐकायला झकास. पण पहिला लाख वीस वर्षं राहतो, शेवटचा एकच वर्ष. दर काढला तर साधारण ६.२ टक्के. तो चांगला की वाईट हे बाकीच्या पर्यायांवर ठरेल, मात्र तुलना "दुप्पट"शी करू नये, ६.२ शी करावी.

वाण्याचं पाकीट आणि सेलची पाटी

पाकिटावर एमआरपीजवळ एककाची विक्री किंमत छापलेली असते. ही सोय उत्तम, पण तिच्यात एक खड्डा आहे: किलोच्या आतल्या पाकिटावर ती ग्रॅमला असते, किलोच्या वरच्या पाकिटावर किलोला. धुण्याच्या पावडरचं ८०० ग्रॅमचं पाकीट १२० रुपयांना, त्यावर ०.१५. चार किलोची पिशवी ६४० रुपयांना, त्यावर १६०. ग्रॅमच्या दराला हजाराने गुणा: १५० विरुद्ध १६०. मोठी पिशवी महाग निघाली. "मोठं ते स्वस्त" या सवयीवर असे सौदे राजरोस चालतात. शिवाय छापलेला दर दोन दशांश स्थळांपर्यंतच असतो, त्यामुळे एरवी ०.१५ छापलेल्या पाकिटाचा खरा दर किलोला १४५ ते १५५ मध्ये कुठेही असू शकतो. स्वस्त मालात फरक एवढाच असेल तर किंमत भागिले वजन स्वतः करा.

सेलच्या पाट्यांपैकी तीन पाठ करून ठेवा, बाकीच्या आपोआप सुटतात. "५० टक्के अधिक २० टक्के सूट" म्हणजे ६० टक्के, ७० नाही, कारण २० टक्के उरलेल्या निम्म्यावर लागतात. "दोनावर एक मोफत" म्हणजे ३३ टक्के, तेही तिन्ही लागणार असतील तर. "५० टक्के जास्त माल" म्हणजेही ३३ टक्केच सूट.

फ्लॅट

मोजपट्टी आणि खडू घेऊन जा. लोकांना संकोच वाटतो, तो सोडून द्या.

एक खोली मोजायची तर आतून, रंगाच्या भिंतीपासून रंगाच्या भिंतीपर्यंत. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये सहा फूट रुंद पलंग आणि दोन फूट खोल कपाट समोरासमोर आले की उरतात दोन फूट, आणि कपाटाचं दार उघडायला तेवढेच लागतात. हे सॅम्पल फ्लॅटमध्ये जाणवत नाही, कारण तिथे एक भिंत आरशाची असते, खोल्यांना दारं बसवलेली नसतात आणि पलंग सहा फुटांत आटोपलेला असू शकतो. पलंगाची लांबी मोजा, मोठ्या माणसाला साडेसहा फूट हवेत. मग खडूने आपल्या घरच्या पलंगाची आणि कपाटाची चौकट फरशीवर आखा आणि मधून चालून बघा.

दर मात्र कार्पेटवर आणा. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या ठरवलेली आहे: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची सोडायची. बिल्डर सगळं धरून "९०० चौरस फूट, ८,००० दराने" सांगतो, म्हणजे ७२ लाख. करारात कार्पेट ६०० असेल तर खरा दर १२,०००. शेजारच्या इमारतीतला कार्पेटवर ११,००० दराचा फ्लॅट महाग वाटून नाकारला जातो तो इथेच.

ॲव्हरेज आणि वेग

आपण गाडीचं ॲव्हरेज लिटरला किती किलोमीटर यात बोलतो, आणि हे एककच उलटं आहे. दहा देणारी जुनी गाडी काढून बारा देणारी घ्यावी, की वीस देणारी काढून तीस देणारी? तीसवाली उडी मोठी वाटते. हजार किलोमीटरला लागणारं पेट्रोल काढा, म्हणजे हजार भागिले ॲव्हरेज. पहिलीत १०० लिटरचे ८३.३ झाले, दुसरीत ५० चे ३३.३. वाचलेले लिटर दोन्हीकडे १६.७. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या संशोधकांनी २००८ मध्ये याच भासावर लेख लिहिला होता. घरात दोन गाड्या असतील आणि धावणं सारखं असेल तर आधी कमी ॲव्हरेजची बदला.

वेगाचंही असंच. दहा किलोमीटरच्या रस्त्यावर २० चा वेग ३० केला तर दहा मिनिटं वाचतात, ६० चा ८० केला तर अडीच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा. अख्खा रस्ता सपाट आणि रिकामा धरला तरी १०० ऐवजी १२० ने गेल्यास साडेनऊ मिनिटं वाचतात, आणि घाट धरला तर त्याहून कमी. खालापूर टोलला चुकीची रांग निवडली की तेवढी तिथेच जातात.

तपासणीच्या कागदावरचं ठळक अक्षर

फुल बॉडी चेकअपच्या रिपोर्टात दोन आकडे ठळक छापून आले की घरात चिंतेचं वातावरण पसरतं. पण अनेक चाचण्यांची "नॉर्मल" मर्यादा कशी ठरते? निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के ज्या पट्ट्यात येतात, तो पट्टा. म्हणजे धडधाकट माणसांपैकीही ५ टक्के प्रत्येक चाचणीत बाहेर पडणारच. आता एकमेकींवर अवलंबून नसलेल्या अशा २० चाचण्या केल्या, तर निरोगी माणसाचा एक तरी आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के. प्रत्यक्षात बऱ्याच चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात म्हणून आकडा थोडा हलेल, पण एखादा आकडा ठळक येणं नवलाचं नाही.

म्हणून रिपोर्ट डॉक्टरांकडे नेताना मागच्या वर्षीचाही न्या, शक्यतो त्याच लॅबचा. आकडा मर्यादेच्या किती बाहेर आहे आणि वर्षभरात कुठून कुठे आला, या दोन गोष्टी ठळक अक्षरापेक्षा जास्त सांगतात. आणि एखादी चाचणी "९० टक्के अचूक" आहे असं ऐकलं तर टक्के सोडून माणसं मोजा. हजार माणसांत दहाजणांना आजार आहे. चाचणी त्यातले नऊ पकडते. उरलेल्या ९९० निरोगींपैकी १० टक्क्यांना ती चुकून पॉझिटिव्ह म्हणते, असे ९९. एकूण १०८ पॉझिटिव्ह, त्यात खरे आजारी नऊ. अचूकतेचा आकडा तोच, पण टक्क्यांऐवजी माणसं मोजल्यावर छातीतली धडधड बरीच उतरते. डॉक्टर दुसरी चाचणी करायला सांगतात ती यासाठी.

ही रीत कुठे फसते

एकक चुकीचं निवडलं की सगळा हिशेब बरोबर येऊनही सौदा चुकतो. दहा किलो तांदूळ किलोमागे चार रुपयांनी स्वस्त पडला, पण दोघांच्या घरात पावसाळ्यात त्याला पोरकिडे लागले; तिथे एकक "किलोमागे" नव्हतं, "खाल्लेल्या किलोमागे" होतं. साबणाचं एकक वजन नाही, धुणी. चपलेचं जोडी नाही, महिने. शंका आली तर विचारावं, ही वस्तू संपते कशाने? ज्याने संपते ते एकक.

दुसरी चूक मागे बघण्याची. सात हजार घालून दुरुस्त केलेलं वॉशिंग मशीन पुन्हा बिघडतं आणि "आधीच सात गेलेत" म्हणून आणखी चार घातले जातात. गेलेले सात दोन्ही पर्यायांत गेलेलेच आहेत. कागदावर फक्त पुढचा खर्च मांडा: दुरुस्तीचे चार आणि त्यावर मिळणारे अंदाजे महिने, नव्या मशीनचे अठरा आणि त्यावर मिळणारे महिने.

आणि हे सगळं कुठे लावायचं, याचीही मर्यादा आधीच रुपयांत ठरवून ठेवावी. महिन्याच्या खर्चाच्या एका टक्क्यापेक्षा कमी फरक असेल तर कॅल्क्युलेटर काढू नये. कोथिंबिरीची जुडी ताजी आहे का, मुळाशी पिवळी पडलीय का, ते बघावं आणि पिशवीत टाकावी.